चंद्रावरच्या गावात हवेची चावी कोणाकडे?

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून ठेवा आणि रात्री निवांत वाचा. विषय ऐकून आधी हसाल. मीही हसलो होतो.

महालक्ष्म्यांसाठी पुतण्या पुण्याहून आला होता. जेवणाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही सरोवराच्या काठावर नेहमीच्या टपरीवर बसलो. मी, पुतण्या, आमच्या शेजारचे शेतकरी काका, दिवाळी झाली की बायकोला घेऊन ऊसतोडीला जाणारा एक ओळखीचा गडी, आणि टपरी चालवणाऱ्या ताई. ताई बचत गटाच्या अध्यक्षही आहेत, त्यामुळे चहा उकळता उकळता त्यांचं सगळ्यांच्या बोलण्याकडे लक्ष असतं.

बोलता बोलता पुतण्या म्हणाला, "काका, मी दोन देशांचा नागरिक आहे."

मला वाटलं पोरगं परदेशात जायच्या तयारीत आहे. तर त्याने मोबाईलमधून एक जुना मेल काढून दाखवला. कॉलेजात असताना त्याने 'असगार्डिया' नावाच्या अंतराळ राष्ट्रात नाव नोंदवलं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १२ ऑक्टोबर २०१६ रोजी इगोर आशुरबेली या रशियन शास्त्रज्ञ-उद्योजकाने पॅरिसमध्ये जाहीर केलं की आपण अंतराळातलं पहिलं राष्ट्र स्थापन करतोय. ज्याला यायचंय त्याने इंटरनेटवर नाव नोंदवावं. काही आठवड्यांत जगभरातून लाखो लोकांनी नावं नोंदवली. २०१७ मध्ये त्यांनी राज्यघटना मतदानाला टाकली आणि ती मंजूर झाली. संसदेसाठी निवडणूक झाली. जून २०१८ मध्ये व्हिएन्नाच्या जुन्या राजवाड्यात समारंभ करून आशुरबेली पहिले राष्ट्रप्रमुख झाले. झेंडा आहे, राष्ट्रगीत आहे, मंत्री आहेत. नाही ती फक्त जमीन.

म्हणजे अगदीच नव्हती असं नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांनी 'असगार्डिया-१' नावाचा उपग्रह सोडला. आपल्या घरातल्या पाव-ब्रेडच्या पाकिटाएवढा, वजन तीन किलोच्याही आत. त्यात नागरिकांचे फोटो आणि फाइली साठवल्या होत्या. तेवढाच त्यांचा देश. २०२२ मध्ये तोही खाली येता येता वातावरणात जळून गेला.

शेतकरी काका म्हणाले, "म्हंजे सातबारा जळाला म्हना की."

सगळे हसले. पुतण्या मात्र थोडा चिडला. म्हणाला, "काका, हसू नका. आज ना उद्या माणूस चंद्रावर, मंगळावर राहायला जाणार. तिथे राज्य कोणाचं, कायदा कोणाचा, हे आधीच ठरवायला नको? गेल्यावर ठरवणार का?"

मला त्याचं म्हणणं पटलं. मी आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलं. वीस मार्कांचा विषय, शेवटच्या तासाला, मुलं अर्धी झोपेत. राज्यघटना कशाला लागते हे मी फळ्यावर मुद्दे काढून सांगायचो. पण कोरी पाटी समोर ठेवून 'आता तुम्हीच गाव वसवा, तुम्हीच नियम करा' असं कुठल्याच वर्गात विचारलं नाही. म्हटलं, चला, इथे करू. चंद्रावर हजार माणसांचं गाव आहे असं धरा. त्याचा कारभार कसा चालवायचा?

आणि मला वाटतं, हा प्रश्न विचारायला लोणारच्या काठाएवढी चांगली जागा नाही. आपण ज्या खड्ड्याकडे तोंड करून चहा पितो तो आकाशातून आलेल्या दगडाने केलाय. व्यास साधारण १.८ किलोमीटर. वय किती यावर शास्त्रज्ञांचे दोन हिशोब आहेत, एक ५२ हजार वर्षांचा आणि नंतरचा एक साडेपाच लाखांच्या पुढचा. हा खड्डा बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या कातळात पडलाय. चंद्रावरचे मोठमोठे काळे डागही बेसॉल्टचेच. म्हणून चंद्र-मंगळाचा अभ्यास करणारे लोक हातोडी घेऊन आपल्याकडे येतात. आपल्यासाठी ती देवीच्या दर्शनाची वाट, त्यांच्यासाठी चंद्राची प्रयोगशाळा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. या सरोवरात पाणी येतं, पण बाहेर जायला ओढा नाही. आलेलं पाणी फक्त वाफ होऊन जातं, आणि त्याने आणलेलं मीठ-माती सगळं आतच राहतं. वर धारेचं पाणी गोड आणि खाली सरोवराचं खारं, ते यामुळेच. बंद भांडं आहे ते. चंद्रावरचं गावसुद्धा असंच बंद भांडं असणार. जे आत येईल ते आतच राहील. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर आज घाम आणि लघवीसुद्धा शुद्ध करून पुन्हा प्यायला वापरतात, जवळपास ९८ टक्के पाणी परत मिळवतात. तिथे 'टाकून द्या बाहेर' असं म्हणायला बाहेरच नाही.

तर आमची घटना समिती बसली.

पहिला प्रश्न शेतकरी काकांचा, आणि तो रास्त होता. "जमीन कोनाच्या नावावर?"

याचं उत्तर आधीच लिहिलेलं आहे. १९६७ च्या अंतराळ करारानुसार चंद्र किंवा कुठल्याही ग्रहाचा तुकडा कुठल्याही देशाला आपला म्हणता येत नाही, झेंडा रोवून नाही आणि ताबा घेऊनही नाही. भारतही त्या करारात आहे. पण त्याच करारात असंही आहे की यानावर आणि त्यातल्या माणसांवर, ज्या देशाच्या नोंदवहीत ते यान आहे त्या देशाचा अधिकार राहतो. म्हणजे जमीन कोणाचीच नाही, पण भिंतीच्या आतली हवा कोणाची तरी आहे. काकांना हे पटलं नाही. "जमीन नाई अन् घर हाये? गावठानातलं अतिक्रमणच झालं हे." त्यांनी एका वाक्यात जे सांगितलं त्यावर वकिलांची जाडजूड पुस्तकं निघालीत.

यातून वाट काढायची धडपडही चालू आहे. इलॉन मस्कच्या स्टारलिंक कंपनीने २०२० मध्ये इंटरनेट जोडणीच्या अटींमध्येच एक कलम घातलं होतं, की मंगळ हा मुक्त ग्रह आहे आणि पृथ्वीवरच्या कुठल्याही सरकारचा त्यावर अधिकार नाही. इंटरनेटचं कनेक्शन घेताना अटी कोण वाचतं? 'मान्य' दाबलं की मंगळ मोकळा.

दुसरा प्रश्न पुतण्याने घेतला. निर्णय कसे घ्यायचे? त्याचं उत्तर तयार होतं. प्रत्येकाच्या मोबाईलवर ॲप, प्रत्येक प्रश्नावर मतदान, ५१ टक्के झाले की निर्णय. आमदार नको, दलाल नको, भ्रष्टाचार नको.

मी म्हटलं, आणि उरलेले ४९ टक्के? आपल्याकडे हरलेला माणूस बाजूला होतो, दुसरा पक्ष काढतो, फार झालं तर गाव सोडतो. बंद भांड्यात हजारातली ४९० माणसं रोज तीच हवा घेत, त्याच जेवणाच्या रांगेत तोंड फिरवून उभी राहणार. गडचिरोलीतलं मेंढा-लेखा तुम्हाला माहीत असेल, 'आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारं. तिथल्या ग्रामसभेत बहुमताने निर्णय होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचं पटलं नाही तर पुन्हा बसायचं, पुन्हा बोलायचं. वेळ लागतो. पण जिथे सगळ्यांना एकाच जंगलावर जगायचंय तिथे एकाला हरवून पुढे जाणं महागात पडतं हे त्या गावाला कळलंय. २००९ मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला, त्याच्या मागे बैठकांची बरीच वर्षं आहेत. ॲपवर बोट दाबायला एक सेकंद पुरतो. समजून घ्यायला बसावं लागतं.

पुतण्या म्हणाला, "हजार माणसं कधी एकमताने वागतात का?" त्याचंही खरं होतं. हा मुद्दा आमच्यात तसाच राहिला.

मग इतका वेळ गप्प बसलेला ऊसतोडवाला बोलला. "सर, मले एक सांगा. तिकडं जायचं भाडं कोन देनार?"

पुतण्या म्हणाला, "ज्यांच्याकडे पैसे आहेत ते देतील. बाकीच्यांना कर्ज. तिथे काम करून फेडायचं." ही कल्पना त्याची नाही. मस्कनेच जानेवारी २०२० मध्ये लिहिलं होतं, पैसे नसतील त्यांना कर्ज मिळेल आणि मंगळावर कामांना तोटा नसेल.

"म्हंजे उचल," तो म्हणाला. "आमी बी घेतो की. मुकादम दिवाळीच्या आंधी कोयत्यावर उचल देते. मंग हंगामभर तोडायचं. माय मेली तरी जाता येत नाई, उचल फिटल्याशिवाय मुकादम सोडत नाई. अन् इथं निदान रातीतून पयता तरी येते. तिथून कसं पयनार?"

टपरीवर एकदम शांत झालं. बाहेरच्यांसाठी सांगतो, 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. माणसांची मोजणीच हत्याराच्या नावाने. लोणारपासून मराठवाड्याच्या कडेकडेने गावंच्या गावं हंगामात रिकामी होतात. त्या माणसाला अंतराळ कराराचं कलम माहीत नव्हतं, पण मंगळावरच्या वस्तीचा सगळ्यात मोठा धोका त्याने एका श्वासात सांगितला. जिथून स्वतःच्या पायाने निघता येत नाही, तिथे मजुरी आणि वेठबिगारी यांत फरक उरत नाही.

मी कागदावर लिहून घेतलं. नियम पहिला: परत येण्याचं भाडं प्रत्येकाच्या नावे आधीच बाजूला ठेवलेलं असेल. त्यातून कर्ज वळतं करता येणार नाही.

आता ताईंचा प्रश्न. त्यांनी गाळणी खाली ठेवली आणि विचारलं, "तुमचं मतदान-बितदान ठीक आहे भाऊ. पन हवा सोडनारा कोन?"

पुतण्याला कळलं नाही. मला कळलं, आणि पोटात गोळा आला. का ते पुढे सांगतो.

माणसाला दिवसाला साधारण ८४० ग्रॅम ऑक्सिजन लागतो. पृथ्वीवर तो फुकट आहे, म्हणून आपल्या कुठल्याच घटनेत हवेचं कलम ठळकपणे लिहावं लागलं नाही. चंद्रावर तो यंत्रातून येणार. यंत्राला व्हॉल्व असणार. व्हॉल्व कोणाच्या तरी हातात असणार. ब्रिटनमधले खगोलजीवशास्त्रज्ञ चार्ल्स कॉकेल बरीच वर्षं हेच सांगतायत. त्यांनी २०१३ मध्ये लंडनच्या ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीत पृथ्वीबाहेरच्या स्वातंत्र्यावर परिषद भरवली. त्यांचं म्हणणं असं, की जिथे श्वास घ्यायची हवा कोणीतरी बनवून देतो तिथे जुलूम करायला सैन्य लागत नाही, चावी पुरते. त्यासाठी परिषद भरवावी लागली. ताईंना एका बाईचा अनुभव पुरला, नळावर उभं राहिलेल्या कुठल्याही बाईचा.

आता माझी गोष्ट. ही मी आजवर कोणाला सांगितली नव्हती.

नोकरीच्या सुरुवातीची काही वर्षं मी विदर्भातल्याच एका दुसऱ्या गावात होतो. गावाचं नाव सांगत नाही, त्यात गावाचा काही विशेष दोष नाही. उन्हाळ्यात तिथे सहा-सात दिवसांनी नळ यायचा. पाणी सोडणारा माणूस सायकलवर यायचा, लोखंडी चावी खड्ड्यात घालून व्हॉल्व फिरवायचा आणि पुढच्या गल्लीत जायचा. प्रत्येक गल्लीला ठरलेला वेळ. त्याचा मुलगा माझ्या वर्गात होता. मुलगा हुशार, मी त्याला संध्याकाळी घरी बसवून फुकट शिकवायचो. त्यात माझा काही हेतू नव्हता, खरंच नव्हता.

पण आमच्या गल्लीचं पाणी हळूहळू पंधरा-वीस मिनिटं जास्त चालू लागलं. आधी मला वाटलं पुरवठा सुधारला. मग एकदा बायकोने सांगितलं की खालच्या वस्तीत बायका भांडतायत, त्यांच्याकडे करंगळीएवढी धार येते आणि हंडा भरायच्या आत बंद होते. वस्ती उताराच्या शेवटाला, पाइपाच्या टोकाला. आमची टाकी भरून वाहायची त्या दिवशी त्यांचे हंडे रिकामे असायचे. हिशोब सोपा होता. आठवीचा मुलगासुद्धा मांडू शकला असता.

मी काय केलं? काहीच नाही. मी पाणी मागितलं नव्हतं, म्हणून मला नको म्हणायचीही गरज वाटली नाही. तो माणूस गेटसमोरून जाताना 'नमस्कार सर' म्हणायचा आणि मी मान डोलवायचो. बदली होईपर्यंत मी ते पाणी वापरलं. त्याच वर्षांत मी वर्गात 'समानतेचा हक्क' शिकवत होतो, कलम १४ पासून. खालच्या वस्तीतली मुलं मागच्या बाकावर असायची. काही पोरं नळाच्या दिवशी शाळेत यायची नाहीत आणि मी हजेरीत गैरहजर मांडायचो.

म्हणून ताईंनी 'हवा सोडणारा कोण' विचारलं तेव्हा पोटात गोळा आला. आपण समजतो की जुलूम करायला कोणीतरी दुष्ट माणूस लागतो. तो चावीवाला दुष्ट नव्हता, मुलाच्या शिक्षणाची परतफेड करत होता. मीही स्वतःला दुष्ट समजत नव्हतो. पण खालच्या वस्तीला आम्हा दोघांच्या चांगुलपणाचा फार त्रास झाला.

आणि मग महाड आठवतं. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर सगळं झालं होतं. तरीही एकाही अस्पृश्य माणसाला तिथे ओंजळभर पाणी पिता येत नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो लोकांसह चालत जाऊन ते पाणी प्यावं लागलं. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, आणि कोर्टात निकाल लागायला १९३७ उजाडलं. घटना समितीत बसण्याच्या वीस वर्षं आधी बाबासाहेबांना ठराव आणि पाणी यांच्यातलं अंतर पुरतं माहीत झालं होतं. चंद्रावरची घटना कितीही सुंदर लिहा, हवेच्या व्हॉल्वपाशी कोण उभं आहे आणि त्याच्याशी कोणाची ओळख आहे, हा प्रश्न राहणारच. तळ्याच्या पाण्यासाठी दहा वर्षं कोर्टात लढता आलं. हवेसाठी दहा मिनिटंही मिळणार नाहीत.

मी हे सगळं टपरीवर बोललो नाही. फक्त म्हटलं, "चावीचा नियम काय करायचा?"

पुतण्या म्हणाला, संगणकाला द्या. यंत्र पक्षपात करत नाही. ताई म्हणाल्या, "संगनकाचा पासवर्ड कोनाकडं?" पुतण्या गप्प.

इथे मला आपल्याच महाराष्ट्राची दोन उदाहरणं द्यावीशी वाटली. पहिलं पुरंदर तालुक्यातल्या नायगावचं. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथे पाणी पंचायत उभी केली. तिचा नियम असा की पाण्याचा हक्क जमिनीवर नाही, माणसांवर. घरात माणसं किती ते मोजायचं, माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही वाटा. उसाला पाणी नाही. पन्नास एकरवाल्याला आणि मजुराला एकाच मापाने मोजणं केवढं अवघड असेल, विचार करा. चंद्रावर हवा गुंतवणुकीप्रमाणे वाटायची की नाकाप्रमाणे, याचं उत्तर नायगावने कधीच दिलंय.

दुसरं उदाहरण कायद्यातलं आहे. २००५ चा सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा कायदा. त्यात पाणी वापर संस्थेच्या कारभारात कालव्याच्या वरच्या, मधल्या आणि शेपटाकडच्या, अशा तिन्ही भागांतल्या शेतकऱ्यांना सारखं स्थान दिलंय. कारण कालवा माहीत असलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. वरच्याला पाणी नेहमीच पुरेसं वाटतं. कालवा नीट चाललाय की नाही हे शेपटाकडच्या शेतकऱ्यालाच विचारावं लागतं.

शेतकरी काका लगेच म्हणाले, "मंग पानी खालून वर द्या ना. आधी टेल, मंग हेड." कालव्यावर ही मागणी जुनीच आहे.

आणि ताईंनी त्याचा नियम केला, इतका सरळ की मी तसाच लिहून घेतला: "चावी ज्याच्या हाती, त्याचं घर पाइपाच्या शेवटच्या टोकाला."

तेवढ्यात अंधार पडला. आमच्या चंद्रावरच्या गावाची घटना पाच कलमांवर थांबली. एक, परतीचं भाडं आधी बाजूला. दोन, हवा-पाणी माणशी, पैशाप्रमाणे नाही. तीन, चावीवाला शेवटच्या टोकाला राहील, आणि ठरलेल्या मुदतीनंतर बदलेल. चार, कोणाची हवा कमी करण्याची शिक्षा कुठल्याही गुन्ह्याला नसेल, आणि हे कलम कितीही बहुमताने बदलता येणार नाही. पाचवं कलम ऊसतोडवाल्याचं: नियम वाचता येत नसतील त्याला ते वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घ्यायचा नाही. स्टारलिंकच्या 'मान्य' बटणाला इतकं चांगलं उत्तर मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

असगार्डियाच्या घटनेत यातलं किती आहे हे पुतण्याने घरी येऊन शोधलं. शांतता, विज्ञान, पृथ्वीचं रक्षण याबद्दल तिथे भरपूर मोठे शब्द आहेत. मी त्यांना हसत नाही. लाखो लोकांना, आपल्या पुतण्यासारख्या पोरांना, जुन्या सीमांपलीकडे काहीतरी हवंसं वाटलं, ही साधी गोष्ट नाही. पण ज्यांना एकमेकांशेजारी एक रात्रसुद्धा काढावी लागली नाही, त्यांनी एकत्र राहण्याचे नियम लिहिले. भांडायला सामायिक नळच नव्हता. नागरिकांची यादी होती, शेजार नव्हता.

उठताना मी पुतण्याला विचारलं, "दोन देशांचा नागरिक ना तू? या देशाच्या मतदार यादीत कुठे आहेस, पुण्यात की इथे?" तो हसला. कुठेच नाही. अठरा पूर्ण होऊन बरीच वर्षं झाली, फॉर्म सहा भरायचा राहून गेला. त्याच रात्री मी त्याला मोबाईलवर भरायला बसवला. अंतराळाचा नागरिक व्हायला त्याला पाच मिनिटं लागली होती, इथला व्हायला पाऊण तास लागला, कारण फोटो अपलोड होत नव्हता.

आता आपल्या गावाबद्दल एवढंच. चालत येताना मी खाली पाहिलं. सरोवर काळं दिसत होतं. उतारावरून येणारं आपलं सगळं शेवटी तिथेच जातं: पाणी, माती, प्लॅस्टिक, सांडपाणी. त्या भांड्याला ओढा नाही हे वर सांगितलंच. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा जगभरातून बातम्या आल्या. खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे तसं झालं, हे पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासून सांगितलं. त्याच वर्षी सरोवर रामसर यादीत गेलं. वन खातं, पुरातत्त्व, महसूल, पर्यटन, नगरपरिषद, सगळ्यांचा इथे काही ना काही अधिकार आहे, आणि सरोवराची बाजू मांडायला लोकांना नागपूर खंडपीठात जावं लागलं. यात कोण चुकतं हे लिहायला मी बसलेलो नाही. मी फक्त स्वतःला विचारतोय: या गावाच्या पाइपाचं शेवटचं टोक कोणतं? माझ्या मते ते सरोवर आहे, आणि त्याच्यानंतर ज्या गल्लीत नळाला शेवटी पाणी येतं ती गल्ली.

म्हणून एक सुचवतो. पुढच्या वेळी पाण्यावर, नाल्यावर, सरोवरावर बैठक होईल तेव्हा पहिलं बोलायला शेवटच्या टोकाच्या माणसाला उभं करू. माझ्यासारखे सर लोक नंतर बोलतील. आमच्या टाक्या तशाही भरलेल्या असतात.

तुमच्या गल्लीत चावी कोणाकडे आहे, आणि तुमचं घर पाइपाच्या कुठल्या टोकाला आहे, ते खाली लिहा. चंद्रावरच्या घटनेला सहावं कलम सुचत असेल तर तेही लिहा. कागद टपरीवर ताईंकडे आहे, बरणीखाली दाबून ठेवलाय. अजून अर्धा कोरा आहे.